पहिला तास : तातडीची रुग्णसेवा आणि शासनाचे प्रयत्न

माणूस साधा आजारी पडला म्हणजे त्याला डॉक्टर निवडण्यास, चार जाणत्यांचा सल्ला घेण्यास, उसनवारी करून पैसे उभे करण्यास थोडी तरी सवड असते. अपघात, सर्पदंश, विषबाधा, हृदयविकाराचा झटका, अडलेले बाळंतपण या प्रसंगी ती सवड नसते. अशा वेळी रोगी डॉक्टर निवडत नाही. जे दार समोर येईल ते ठोठावतो. म्हणून एखाद्या समाजाची आरोग्यव्यवस्था कशी आहे हे पाहावयाचे असेल तर तिची सुशोभित इमारत पाहू नये, रात्री दोन वाजता तिच्या तातडीच्या विभागाचे दार कसे उघडते हे पाहावे. हे दार सुधारण्यासाठी शासनाने आजवर कोणते प्रयत्न केले, त्यांपैकी काय साधले आणि काय राहून गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वैद्यकाचा असला तरी तो केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा नाही. तो कायद्याचा, अर्थकारणाचा आणि समाजशास्त्राचाही आहे. म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात लक्ष घालणे गैर ठरू नये.

आपल्या परिसराचे चित्र

सावदा हे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरील गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये केळीचा पट्टा. या रस्त्याने चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावे एका माळेत ओवली आहेत आणि त्याच रस्त्याने केळीचे ट्रक, उसाच्या बैलगाड्या, एस.टी. बसेस, मोटारसायकली व पायी चालणारे मजूर असे सारे एकत्र जात असतात. केळीच्या बागेत ओल आणि पालापाचोळा कायम, त्यामुळे उंदीर येतात व उंदरांमागे साप. वीज रात्रीची असली की शेतकऱ्याला पाणी देण्यास रात्रीच बागेत जावे लागते. फवारणी, बांधकाम, विहिरीचे काम, रेल्वेमार्ग, सातपुड्यातील पाड्यांवरून येणाऱ्या बाळंतिणी, हे सारे जमेस धरले म्हणजे तातडीच्या रोग्यांची या भागात उणीव नाही हे ध्यानात येईल.

१४ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री या रस्त्याने एक मोठा आघात पाहिला. धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन येणारा ट्रक यावल तालुक्यातील किनगावजवळ उलटला. मालावर बसून घरी परतणारे पंधरा-सोळा मजूर त्याखाली दबून मृत्यू पावले. त्यांतील बरेचसे आपल्याच रावेर तालुक्यातील आभोडा, केऱ्हाळे व रावेर येथील होते. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकानजीक आग लागल्याच्या आवईने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसने चिरडले आणि डझनभर माणसे गेली. अशा घटनांची वृत्तपत्रांत मोठी बातमी होते. परंतु एकेक करून जाणारे, म्हणजे रात्री मण्यार चावलेला सालदार किंवा मोटारसायकलवरून पडलेला विद्यार्थी, हे मात्र फक्त घरच्यांच्या स्मरणात उरतात.

आता एक साधे गणित करू. सावद्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर. रुग्णवाहिकेने ताशी पन्नासचा वेग राखला तरी एक तास रस्त्यातच जातो. त्यात ती बोलावण्याचा, येण्याचा आणि रोग्याला उचलण्याचा वेळ धरलेला नाही. बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. अ‍ॅडम्स काउली यांनी जबर जखमी माणसाच्या पहिल्या तासाला ‘सुवर्णतास’ हे नाव रूढ केले. साठावे मिनिट उलटले की सारे संपले असा त्याचा अर्थ नव्हे; कोणाला दहा मिनिटेच असतात, कोणाला सहा तास असतात. परंतु रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तदाब सावरणे ही कामे जितकी लवकर होतील तितकी माणूस वाचण्याची शक्यता वाढते, हे तत्त्व निर्विवाद आहे. आपल्याकडे मात्र जवळच्या दवाखान्यात गेल्यावर पुष्कळदा एकच वाक्य कानी पडते : ‘याला जळगावले न्या.’ हे वाक्य कधी योग्य असते आणि कधी ती केवळ सुटका असते. त्या दोहोंतील फरक ओळखता येणे यातच या विषयाचे मर्म आहे.

कल्पनेचा उगम

जखमींची गरजेप्रमाणे प्रतवारी करावी आणि उपचार त्यांच्याजवळ न्यावा, ही कल्पना रणांगणावर जन्मली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य डॉमिनिक लारे याने जखमींना तोफखान्याच्या धर्तीवर वेगाने हलविणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या आणि हुद्दा न पाहता जखम पाहून उपचाराचा क्रम लावण्याचा आग्रह धरला. सेनापती असो वा साधा शिपाई, ज्याची जखम अधिक गंभीर त्याच्यावर आधी उपचार! आजच्या तातडीच्या विभागात लाल, पिवळा व हिरवा अशी जी वर्गवारी करतात तिचे मूळ या विचारात आहे. लोकशाहीला शोभणारे हे तत्त्व एका सम्राटाच्या सैन्यात रुजावे हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

आपल्या देशात १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र. त्यातूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना साकार झाली. सपाटीच्या भागात ३०,००० आणि आदिवासी वा डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय, अशी ही उतरंड आहे. मात्र ही केंद्रे मुख्यतः लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे रोग व बाळंतपणे यांसाठी उभी राहिली. मध्यरात्री येणाऱ्या अत्यवस्थ रोग्याचा विचार त्यांच्या रचनेत पहिल्यापासून नव्हता. आजच्या कित्येक अडचणींचे मूळ येथे आहे.

न्यायालयाने उघडलेले दार

शासनाचे प्रयत्न सांगताना न्यायालयाचा उल्लेख आधी करावा लागतो. कारण शासनाला जाग आणण्याचे काम पुष्कळदा न्यायालयानेच केले आहे. एका स्कूटरस्वाराला मोटारीची धडक बसली. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले असता, ‘येथे पोलीस प्रकरणे घेत नाहीत’ म्हणून सुमारे वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आले. वाटेतच तो मरण पावला. ही बातमी वाचून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधी उपचार, नंतर पंचनामा, हा नियम तेव्हापासून देशाचा कायदा झाला.

दुसरे प्रकरण याहूनही बोलके आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला कलकत्त्यास नेण्यात आले. तेथे एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरूनही कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही, असे उत्तर मिळाले. अखेर एका खाजगी रुग्णालयात त्याला दाखल करावे लागले आणि सुमारे १७,००० रुपये खर्च झाला. एका मजुराच्या दृष्टीने ही रक्कम केवढी हे सांगावयास नको. त्याच्या मजूर संघटनेने दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली आणि वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे ठरविले. पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. प्राथमिक केंद्रांत रोगी सावरण्याची सोय असावी, जिल्हा व उपविभागीय रुग्णालये सुधारावीत, कोणत्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे कळण्याची मध्यवर्ती व्यवस्था असावी, सुसज्ज रुग्णवाहिका असाव्यात, अशा सूचनाही निकालात होत्या. पुढील तीस वर्षांच्या शासकीय योजनांचा आराखडाच जणू या एका निकालात सापडतो.

तिसरा अडसर होता तो लोकांच्या मनातील भीतीचा. जखमीला उचलले तर पोलीस आपल्यालाच धरतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, या धास्तीने माणसे रस्त्यावर तडफडणाऱ्याला ओलांडून जात. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, अशी हमी दिली गेली. त्याच दुरुस्तीने ‘सुवर्णतास’ या शब्दालाही कायद्यात जागा मिळाली. नाव-गाव सांगण्याचीसुद्धा अशा माणसावर सक्ती करता येत नाही. ही गोष्ट आपल्या गावात किती जणांना ठाऊक आहे?

गाडी आली

१५ ऑगस्ट २००५ रोजी आंध्र प्रदेशात १०८ या क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि तिचे अनुकरण अनेक राज्यांनी केले. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. एकूण ९३७ रुग्णवाहिका. त्यांपैकी २३३ मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासह प्रगत साधने आणि ७०४ मध्ये प्राथमिक जीवनरक्षक साधने. नियंत्रण कक्ष पुण्यातील औंधच्या छाती रुग्णालयाच्या आवारात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मदतीने एका खाजगी कंपनीमार्फत ही सेवा चालविण्यात आली. प्रत्येक गाडीत डॉक्टर असतो हे महाराष्ट्राच्या योजनेचे वैशिष्ट्य होय. त्यांतील बहुतेक जण आयुर्वेद, होमिओपथी किंवा युनानीचे पदवीधर असून त्यांना तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण दिलेले असते. गरोदर माता व नवजात बालके यांच्यासाठी १०२ क्रमांकाची वेगळी वाहने आहेत. १ जून २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार त्यांना ने-आण मोफत आहे.

या सेवेने मोठी क्रांती केली हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वी आपल्याकडे रोगी नेण्याचे साधन म्हणजे कोणाची जीप, कोणाचा टेंपो, नाहीतर बैलगाडी. जीपवाल्याच्या पायऱ्या चढाव्या लागत आणि आधी डिझेलचे पैसे मोजावे लागत. आता तीन आकडे फिरविले की पैशावाचून गाडी येते. तरीही हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे एका रुग्णवाहिकेमागे जवळजवळ १ लाख २० हजार माणसे. गाडी एका रोग्याला घेऊन जळगावी गेली की ती परत येईपर्यंत मागच्या गावांना दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणजे जवळच सुटू शकणारा रोगी विनाकारण दूर पाठविला, तर त्यात केवळ त्याचेच नव्हे तर पुढच्या अनोळखी रोग्याचेही नुकसान आहे. गाड्यांची संख्या १,७५६ पर्यंत नेण्याची योजना शासनाने २०२४ मध्ये आखली. त्यात दुचाकी, नौका व नवजात बालकांसाठी खास गाड्याही समाविष्ट आहेत. संख्या वाढणे आवश्यकच आहे. तथापि गाडी हे साधन आहे, मुक्काम नव्हे.

पैशाची भिंत

गाडी दाराशी आली तरी आत शिरताना पैशाची भिंत उभी असते. ती पाडण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत खानदेशातील धुळे जिल्हा होता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. सप्टेंबर २०२० मध्ये रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या ७२ तासांत ३०,००० रुपयांपर्यंत मोफत उपचार देणारी बाळासाहेब ठाकरे अपघात विमा योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. २०२३ साली ती फुले योजनेत विलीन करून ही मर्यादा १ लाखावर नेण्याचा आणि कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने देशभरासाठी योजना जाहीर केली; तीनुसार रस्ते अपघातातील कोणाही जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख रक्कम न भरता मिळावयाचा आहे. राजस्थानने तर २०२३ साली आरोग्याच्या हक्काचाच कायदा केला व आगाऊ पैशावाचून तातडीचा उपचार हा हक्क म्हणून मान्य केला.

यावर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. विमा योजनेचा पैसा रुग्णालयाच्या मागे जातो आणि अशी सुसज्ज रुग्णालये शहरांत असतात. परिणामी योजनेचे कार्ड खिशात असलेला माणूसही आधी शहरापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे. पहिल्या तासातील उपचार जेथे व्हावयास हवा तेथे, म्हणजे तालुक्याच्या व गावच्या दवाखान्यात, विम्याने डॉक्टर निर्माण होत नाही. कागदावर हक्क आणि दाराला कुलूप, अशी स्थिती येऊ नये.

दाराच्या आत

आता खुद्द तातडीच्या विभागाकडे वळू. आपल्याकडे या विभागाला वर्षानुवर्षे ‘कॅज्युअल्टी’ म्हणत आले आणि तेथे सर्वांत कनिष्ठ डॉक्टर बसविण्याची प्रथा पडली. म्हणजे सर्वांत कठीण रोगी सर्वांत कमी अनुभव असलेल्याच्या हाती! तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, हे भारतीय वैद्यक परिषदेने मान्य केले तेच मुळी २००९ साली. अशा शाखेतील तज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास अजून अवधी लागेल हे उघड आहे.

या उणिवेचे फळ कोणाच्या माथी येते हे मार्च २०१७ मध्ये धुळ्यात दिसले. अपघातात डोक्याला मार लागलेला रोगी तेथील शासकीय रुग्णालयात आणला गेला. मेंदूचे शल्यविशारद नसल्याने निवासी डॉक्टरने त्याला दुसरीकडे नेण्यास सांगितले. जमावाने त्या तरुण डॉक्टरला एवढे मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण कायदा हल्ल्यानंतर येतो. या प्रसंगात डॉक्टरने खरे तेच सांगितले होते आणि नातेवाइकांची व्यथाही खोटी नव्हती. ज्या रिकाम्या जागेने दोघांनाही समोरासमोर उभे केले ती जागा मात्र कोणाच्या नजरेस पडली नाही. मारणारा व मार खाणारा दोघेही एकाच उणिवेचे बळी होते, असे म्हटले तर मारहाणीचे समर्थन होत नाही. तिचे कारण तेवढे कळते.

दुसरा धडा जळगावचा आहे. जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात जिल्हा रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची एक वृद्धा बेपत्ता झाली. शोध चालू राहिला आणि सुमारे आठ दिवसांनी, १० जून रोजी, तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. सारा जिल्हा हादरला. वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली. येथे कोणतेही महागडे यंत्र कमी पडले नव्हते. कमी पडली ती पाळी बदलताना रोगी मोजण्याची साधी शिस्त. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, त्याचा जिल्ह्याला लाभ होत आहे आणि पुढेही होईल. परंतु खाटा आणि पदव्या यांच्याबरोबर ही शिस्तही वाढली पाहिजे.

मोजमापाचा धडा

सुधारणा झाली की नाही हे कळण्यासाठी मोजमाप हवे. या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील शासनाने २००० सालच्या आपल्या आरोग्य आराखड्यात असे लक्ष्य ठेवले की, तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याला चार तासांच्या आत दाखल करावे, घरी पाठवावे किंवा अन्यत्र हलवावे. २००४ च्या अखेरीपासून ९८ टक्के रोग्यांच्या बाबतीत हे साधावे असा दंडक होता. २०१० साली तो ९५ टक्क्यांवर आणला गेला. या लक्ष्यामुळे तासन्‌तास ताटकळणे पुष्कळ कमी झाले. पण स्टॅफर्ड येथील रुग्णालयात वेगळेच घडले. घड्याळाचा काटा चुकविण्यासाठी रोग्यांना घाईने इतर कक्षांत ढकलण्यात येऊ लागले, आणि आलेल्या रोग्याची पहिली पाहणी वैद्यकाचे शिक्षण नसलेले स्वागतिका-कारकून करीत असल्याचे चौकशीत उघड झाले. २०१३ च्या रॉबर्ट फ्रान्सिस अहवालाने या रुग्णालयाच्या कारभाराचे वाभाडे काढले.

तात्पर्य, मोजमाप नसेल तर अंधार आणि मोजमापालाच देव मानले तर ढोंग. आपल्याकडे गाडी किती मिनिटांत आली हे नोंदविले जाते. पण रोगी दारात आल्यापासून पहिला उपचार किती मिनिटांत झाला, पुढे पाठविलेल्या रोग्याचे काय झाले, ही नोंद खालच्या रुग्णालयाकडे परत येणे अधिक महत्त्वाचे आहे. पाठविलेला रोगी वाचला की गेला हे ज्या डॉक्टरला कधीच कळत नाही, तो आपल्या चुकीतून शिकणार कसा?

छोट्या दवाखान्यात काय होऊ शकते

खेड्यात तातडीची सेवा शक्यच नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोकणाकडे पाहावे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहिली. रात्र-रात्र रोग्याशेजारी बसून त्यांनी लक्षणांची नोंद केली. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या विषावर उपयोगी पडते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका स्वस्त गोळीने शेकडोंचे प्राण वाचू लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाला मोठी इमारत लागली नाही. जागा राहणारा डॉक्टर आणि वही लागली.

सर्पदंशाचेही तसेच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारी एकच प्रतिविष लस असते आणि ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. घोणस वा फुरसे चावल्यास रक्त गोठत नाही; हे ओळखण्यासाठी कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवण्याची परीक्षा पुरते. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तेव्हा हाताने दाबावयाच्या फुग्याने श्वास चालू ठेवूनही रोगी मोठ्या रुग्णालयापर्यंत जिवंत नेता येतो. या गोष्टी गावपातळीवर होऊ शकतात. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. तसेच फवारणीची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्यात गेले. काही जातींच्या कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन हे स्वस्त इंजेक्शन उतारा आहे. ते वेळेवर, पुरेसे व जवळ असणे एवढेच हवे असते.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, तातडीची सेवा ही एक साखळी आहे : हाक, गाडी, दार, उपचार आणि पैसा. शासनाने गाडी व पैसा या कड्यांवर पुष्कळ श्रम घेतले. सर्वांत कच्ची कडी राहिली ती जवळच्या दाराची. ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास सज्ज अशी एक निश्चित खोली, तेथे प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका, प्रतिविष व अ‍ॅट्रोपिन यांचा साठा दर्शनी फलकावर, पुढे पाठविण्यापूर्वी रोग्याला सावरणे, वरच्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी करून खाट नक्की करणे आणि सोबत लेखी चिठ्ठी देणे, एवढे झाले तर ‘जळगावले न्या’ हे वाक्य सुटकेचे न राहता उपचाराचाच एक भाग होईल. यातील बहुतेक गोष्टींना कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

आणि पहिली कडी, म्हणजे हाक, ती तर आपल्याच हातात आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो; त्याबरोबर प्रथमोपचाराचे दोन दिवस का असू नयेत? वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरणे; मान-कण्याला मार असलेल्याला मुटकुळे करून न उचलणे; हृदय थांबलेल्याच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देणे; सर्पदंशात दोरी न बांधता, चिरा न देता अवयव स्थिर ठेवून दवाखाना गाठणे; या गोष्टी कोणीही विद्यार्थी शिकू शकतो. १०८ ला कळविताना शेताचा गट क्रमांक सांगून भागत नाही. कोणत्या फाट्यापासून, कोणत्या देवळाकडून वळावयाचे हे सांगावे लागते आणि एकाने रस्त्यावर येऊन उभे राहावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

शासनावर टीका करणे सोपे आहे आणि ती करण्याचा आपला हक्कही आहे. परंतु शासनाची गाडी येईपर्यंतच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत रस्त्याच्या कडेला शासन नसते; तेथे आपणच असतो. त्या वेळी आपल्या हातांना काय करावे हे ठाऊक असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने ज्याला जीविताचा हक्क म्हटले त्याची पहिली अंमलबजावणी सावद्याच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून झालेली असेल.